पहिलं बाळ येण्याआधी: कशाची तयारी आधी करायची, कशाची नंतर

पाळणा आला, झबली धुऊन घड्या घालून ठेवली, खोलीला रंगही लागला. पण पहाटे तीनला बाळ रडलं तर कोण उठणार, हे ठरलेलं नाही. पहिल्यांदा आईबाप होणाऱ्यांची तयारी बहुतेक वेळा इथेच फसते. खरेदी सोपी असते, हौसेची असते, म्हणून ती आधी होते. बोलणं अवघड असतं म्हणून ते पुढे ढकललं जातं. मग ते होतं बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी, दोघंही झोपेवाचून चिडलेले असताना, भांडण म्हणून.

म्हणून इथला क्रम वेगळा आहे: आधी बोलणं, मग पैसा आणि माणसं, मग वस्तू, मग हाताचा सराव. आठवडे गर्भारपणाचे धरले आहेत. मूल दत्तक घेत असाल तर आठवडे सोडून द्या, क्रम मात्र हाच ठेवा. जोडीदार नसेल, तर जी व्यक्ती पहिला महिना सोबत राहणार आहे तिच्याशी हीच बोलणी करा.

## टप्पा १: कागद घेऊन बसणं (विसाव्या आठवड्याच्या सुमारास)

एक कागद, दोघं, दीड तास, फोन दुसऱ्या खोलीत. खालच्या प्रश्नांची उत्तरं आधी दोघांनी वेगवेगळी लिहायची आणि मगच एकमेकांना दाखवायची. समोरासमोर तोंडी बोललं की जो आधी बोलतो त्याच्या मताला दुसरा मान डोलावतो, आणि मतभेद झाकला जातो.

- रात्री कोण कधी उठणार?
- स्वयंपाक, भांडी, कपडे ही कामं पहिले सहा आठवडे कोण करणार? (उत्तर "बघू" असेल तर ती कामं आईच्याच गळ्यात पडणार, हे धरून चाला.)
- अंगावरचं दूध, वरचं दूध की दोन्ही? ठरवल्यासारखं झालं नाही तर किती दिवस प्रयत्न करायचा?
- नातेवाइकांना कोणत्या बाबतीत नाही म्हणायचं, आणि ते कोणी सांगायचं?
- आपल्या आईवडिलांचं काय उचलायचं आणि काय अजिबात करायचं नाही?

शेवटच्या प्रश्नाला वेळ द्या. बाळाच्या रडण्याने आपल्या लहानपणाच्या कुठल्या कुठल्या गोष्टी वर येतात याचा अंदाज नसतो. ओरडा खात वाढलेला माणूस "मी कधी ओरडणार नाही" असं म्हणतो खरा, पण तिसऱ्या रात्रीच्या जागरणात आवाज आपोआप चढतो. "माझा आवाज चढला तर तू बाळ माझ्याकडून घे, आणि मी काही न बोलता देईन" हा करार आधी झालेला असेल तर तो पाळला जातो. त्या क्षणी सुचवला तर अपमान वाटतो.

तपासा: कागदावर "मदत करीन" असं कुठे लिहिलंय का? खोडा. त्याजागी काम आणि वेळ लिहा. "संध्याकाळी सातला बाळाचं अंग पुसणं माझं" हे ठरणं झालं. "लागेल तेव्हा सांग" म्हणजे लक्षात ठेवण्याचं काम पुन्हा दुसऱ्याच्याच डोक्यावर.

## टप्पा २: पैसा, रजा, कागदपत्रं

इथे फार खल नको, पण एक तालीम करा. बाळ आल्यावर जेवढं उत्पन्न हातात राहणार आहे, तेवढ्यातच सलग तीन महिने घर चालवून बघा. उरलेले पैसे बाजूला टाका. कागदावरचा हिशोब नेहमी जमतो, प्रत्यक्षात कुठे तुटतो ते या तीन महिन्यांत कळतं. शिवाय गंगाजळीही तयार होते.

रजेचे नियम कामाच्या ठिकाणाहून लेखी घ्या: किती दिवस, किती पगारी, अर्ज कधी द्यायचा. विमा असेल तर नवजात बाळाचं नाव किती दिवसांत घालावं लागतं ते विचारा. मुदत छोटी असते आणि नेमकी गडबडीत निघून जाते. जन्मनोंदणीला लागणारे कागद एका फाइलीत.

दोघांच्याही रजा एकाच वेळी संपवू नका. दोघंही पहिले पंधरा दिवस घरी आणि मग एकदम एकटी आई, असं करण्यापेक्षा जोडीदाराच्या थोड्या रजा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यासाठी राखा. का, ते रडण्याच्या टप्प्यात येईल.

## टप्पा ३: माणसं

मदतीला येणारे दोन प्रकारचे असतात: बाळ मांडीवर घेणारे आणि भांडी घासणारे. पहिल्या महिन्यात दुसऱ्या प्रकारचे हवेत. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्या प्रत्येकाला तिथल्या तिथे एक काम आणि एक वार द्या: मंगळवारी जेवणाचा डबा, शनिवारी दोन तास कपडे. लोकांना मदत करायची असते, काय करायचं ते कळत नसतं.

पाहुण्यांसाठी दोघांच्या नावाने एकच निरोप आधीच लिहून ठेवा: कधी यायचं, किती वेळ बसायचं, हात धुऊनच बाळाला घ्यायचं, सर्दी-खोकला असेल तर यायचं नाही, बाळाची पापी घ्यायची नाही. ज्याच्या बाजूचे नातेवाईक, त्यानेच नाही म्हणायचं. हा नियम मोडला की राग सुनेवर किंवा जावयावर निघतो आणि वर्षानुवर्षं राहतो.

डांग्या खोकल्याची लस आईने गर्भारपणात, साधारण २७ ते ३६ आठवड्यांत, घेतली तर बाळाला जन्मापासून संरक्षण मिळतं. आपल्या डॉक्टरांना या लसीबद्दल विचारा. बाळाजवळ राहणाऱ्या मोठ्यांच्या लसींचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

## टप्पा ४: घर आणि वस्तू (३० ते ३४ आठवडे)

आता खरेदी. यादी वाटते त्यापेक्षा छोटी आहे.

- डायपर: दिवसाला ८ ते १२. नवजात मापाची एक-दोन पाकिटंच घ्या, बाळ ते माप काही आठवड्यांतच ओलांडतं. कापडी लंगोट वापरणार असाल तर २४ ते ३० हवेत.
- कपडे: ६ ते ८ जोड. समोरून उघडणारे. डोक्यातून घालायचे कपडे पहिल्या महिन्यात दोघांनाही रडवतात.
- दुपटी आणि मऊ फडकी: फडकी दहा-बारा तरी. दूध, लाळ, ओकारी, सगळीकडे तीच लागतात.
- थर्मामीटर: डिजिटल. अंदाजाने कपाळाला हात लावून चालत नाही.
- झोपण्याची जागा: सपाट, टणक गादी. गादी आणि कठड्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. दोन गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरच्या आत.
- गाडीतलं आसन: कारने घरी आणणार असाल तरच. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल असं बसवलेलं. खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता आला तर तो सैल आहे. जाड कपडे घालून पट्टा लावू नका, कपड्याच्या जाडीमुळे पट्टा आवळल्यासारखा वाटतो आणि आत बाळ सैलच राहतं.

उशी, लोड, पाळण्याच्या कडेने बांधायची कापडी पट्टी, मऊ खेळणी हे सगळं दिसायला छान, झोपेच्या जागेत मात्र एकही नको.

सावधान: बाळाला प्रत्येक झोपेला पाठीवरच झोपवायचं, दुपारच्या डुलकीलाही. कुशीवर झोपवलेलं बाळ कलंडून पालथं होऊ शकतं. बाळ तुमच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या जागेत, निदान पहिले सहा महिने. बाळाला छातीशी घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत डुलकी लागणं हे सगळ्यात धोक्याचं. डोळे मिटायला लागले की आधी बाळ खाली ठेवा.

## टप्पा ५: हात बसवणं

पोहणं पुस्तकातून येत नाही तसंच हे. बाहुली किंवा गुंडाळलेला टॉवेल घ्या आणि दोघांनीही करा. जोडीदाराने फक्त बघायचं नाही. जो पहिल्या आठवड्यात दहा लंगोट बदलतो तो पुढे बदलत राहतो. जो "तूच कर, तुला जमतं" म्हणतो त्याला कधीच जमत नाही.

१. उचलणं. एक हात मानेखाली आणि डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली. आधी तुम्ही वाका, मग उचला.

२. लंगोट बदलणं. नवा लंगोट आधी खाली सरकवा, मग जुना उघडा. मुलीला पुढून मागे पुसा. बेंबीची नाळ सुकलेली असली तरी लंगोटाची कड तिच्या खाली दुमडा. एक हात सतत बाळावर, वळून काही घ्यायचं असलं तरी.

३. ढेकर. खांद्यावर उभं धरून किंवा मांडीवर बसवून, हनुवटी तळहाताने सांभाळून. पाठीवर हलक्या थापट्या. पाच-सात मिनिटांत ढेकर नाही आली आणि बाळ शांत असेल तर सोडून द्या.

४. वरच्या दुधाची पावडर, लागणार असेल तर. पाणी उकळा, ७० अंशांच्या खाली येण्याआधी वापरा. आधी पाणी मोजून बाटलीत, मग पावडर, चमचा सपाट करून. पावडर जास्त घातली तर बाळाचं पोट भरेल, हा समज घातक. पुरवायला म्हणून पातळ करणं तितकंच घातक. बाटली वाहत्या पाण्याखाली थंड करून मनगटावर थेंब टाकून बघा. बाळाने तोंड लावलेल्या बाटलीतलं उरलेलं दूध तासाभरात टाकून द्या.

५. अंग पुसणं. नाळ पडेपर्यंत, म्हणजे एक ते तीन आठवडे, ओल्या मऊ फडक्याने पुसलं तरी पुरतं. नाळेला काही लावू नका, कोरडी ठेवा. पुढे आंघोळीचं पाणी ३७ अंशांच्या आसपास, कोपराने तपासून.

## टप्पा ६: बॅग आणि निघण्याची वेळ (३६ आठवडे)

सांगितलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं फार थोडी असतात, म्हणून बॅग छत्तिसाव्या आठवड्यात दाराशी. फाइल, आईचे समोरून उघडणारे दोन-तीन गाऊन, मोठे पॅड, बाळाचे तीन जोड, दुपटी, चार्जर. सोबत राहणाऱ्याचंही खाणं आणि एक जोड कपडे, हे हमखास विसरतं.

पहिलटकरणीसाठी सर्वसाधारण अंदाज असा: कळा दर ५ मिनिटांनी, प्रत्येक कळ १ मिनिट, असं सलग १ तास चाललं की निघा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

सावधान: पुढच्या गोष्टींत कळांची वाट बघायची नाही, लगेच जायचं: बाळाची हालचाल कमी झाली, रक्त गेलं, पाणी हिरवट किंवा तपकिरी गेलं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा ३७ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या.

## टप्पा ७: पहिले पाच दिवस

शक्य असेल तर जन्मानंतरचा पहिला तास बाळ आईच्या उघड्या छातीवर. सुरुवातीला येणारा घट्ट, पिवळसर चीक थेंबाथेंबाने येतो आणि तेवढाच पुरतो. पान्हा दुसऱ्या ते पाचव्या दिवसात भरतो. मधल्या दिवसांत "दूधच येत नाही" म्हणून घाबरून पिणं सोडवणं ही सर्रास होणारी चूक. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. ओढणं थांबवलं की बनणंही मंदावतं.

बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. रडण्याची वाट बघू नका, रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधी बाळ मूठ तोंडाकडे नेतं, ओठ चाटतं, मान वळवून काहीतरी शोधतं.

अंगावर घेताना बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणा, स्तनाग्राने वरचा ओठ हलकेच चाळवा आणि थांबा. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलं की बाळाला स्तनाकडे आणा, स्तन बाळाकडे नाही. नीट लागलं असेल तर हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि गाल फुगलेले दिसतात. गालाला खळी पडत असेल किंवा चुट-चुट आवाज येत असेल, तर बाळ फक्त टोक चोखतंय. पहिल्या काही सेकंदांनंतरही दुखत राहिलं तर सोसू नका: करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सारून हवा सोडा आणि पुन्हा लावा. दात-ओठ खाऊन पाजलं की भेगा पडतात आणि मग पाजणंच नकोसं होतं.

तपासा: पोट भरतंय की नाही हे ओल्या लंगोटांवरून कळतं. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत सहाव्या दिवसापासून रोज निदान सहा. शी पहिल्यांदा काळी, डांबरासारखी; चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी व्हायला हवी. वजन आधी थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत जन्मावेळच्या आकड्यावर येतं. तोपर्यंत बाळ सलग चार तासांहून जास्त झोपलं तर उठवून पाजा.

सावधान: जन्मानंतर २४ तासांच्या आत दिसणारी कावीळ, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, पिण्यासाठीही जागं न होणं, धाप लागणं, ओठ निळसर पडणं: रात्र असली तरी डॉक्टरकडे. आईसाठीही तशीच यादी: तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, ताप, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, श्वास लागणं, डोकेदुखीसोबत धूसर दिसणं. घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं, बाळंतिणीचं दुखणं "होतंच असं" म्हणून मागे पडतं.

## टप्पा ८: रात्रीच्या पाळ्या

सगळ्या लेखातला हा भाग जोडीने दोनदा वाचा.

नवजात बाळ दिवसाला १४ ते १७ तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. दोघंही प्रत्येक वेळी उठले तर दोघांचीही झोप जाते, आणि प्रेम दाखवण्याची ही सगळ्यात महागडी रीत आहे. लक्ष्य एकच ठेवा: प्रत्येकाला दिवसातून एकदा सलग चार-पाच तास झोप.

बाटलीने दूध असेल तर सरळ वाटणी: रात्री साडेआठ ते दीड एक झोपणार, दीड ते साडेसहा दुसरा. झोपणारा शक्यतो वेगळ्या खोलीत. अंगावरचं असेल तर आईची झोप तुटणारच, पण दर वेळी पाऊण तास तुटते की वीस मिनिटं, हे जोडीदाराच्या हातात आहे. क्रम असा: जोडीदार बाळ उचलून आणतो, आई एका बाजूला पाजते, जोडीदार ढेकर काढतो आणि लंगोट बदलतो, मग दुसरी बाजू, मग जोडीदार झोपवतो. आईने दुसरी बाजू संपली की डोळे मिटायचे. लंगोट दोन बाजूंच्या मध्येच बदलायचा. शेवटी बदलला तर पेंगलेलं बाळ टक्क जागं होतं. पाजणं नीट बसलं, साधारण तीन-चार आठवड्यांनी, की काढून ठेवलेल्या दुधाची एक पाळी जोडीदाराला देता येते.

दिवा मंद, बोलणं नाही. शी केली नसेल आणि लंगोट गच्च नसेल तर बदलू नका. पाणी, फडकी, लंगोट, एक जादा चादर हे सगळं संध्याकाळीच हाताशी.

रात्री दोनला कुठल्याही गोष्टीवर निर्णय घ्यायचा नाही आणि वादही नाही. "सकाळी बोलू" एवढंच म्हणायचं. निम्मे मुद्दे सकाळी उरत नाहीत.

## टप्पा ९: रडणं

बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त होतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरतं. संध्याकाळी जास्त. नेमक्या याच काळात मदतीला आलेले लोक परत गेलेले असतात, म्हणून वर रजा राखायला सांगितली.

तपासायचा क्रम: भूक, लंगोट, ढेकर, मग मानेमागे हात लावून गरम की गार (हातपाय थोडे थंडच असतात, त्यावरून ठरवू नका). मग बोटं एकेक करून बघा, पायाचीही. एखादा केस किंवा मोज्याचा धागा बोटाला आवळून बसलेला असतो आणि कोणाला दिसत नाही. नंतर छातीशी धरणं, हळू डोलणं, एकसुरी आवाज. एक उपाय निदान पाच मिनिटं करा. दर वीस सेकंदांनी नवं काही केलं की बाळ आणखी बिथरतं.

सगळं करून थकलात आणि डोकं फिरायला लागलं, तर बाळाला पाठीवर त्याच्या जागेत ठेवा, दार ओढून घ्या, दहा मिनिटं बाहेर जा. सुरक्षित जागी दहा मिनिटं रडल्याने बाळाला इजा होत नाही. हलवल्याने, गदगदवल्याने काही सेकंदांत मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे बाळ सांभाळणाऱ्या प्रत्येकाला शब्द न चावता सांगा.

## टप्पा १०: मन, दोघांचंही

तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला आईला कारण नसताना रडू येणं, चिडचिड, भीती हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही टिकलं, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, "माझ्याशिवाय बरं होईल" असं तोंडून आलं, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत, पाजत असतानाही घेता येतात. हे नैराश्य ओळखायची दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली बऱ्याच डॉक्टरांकडे असते, ती मागून घ्या. नैराश्य वडिलांनाही येतं, साधारण दहातल्या एकाला. त्यांच्यात ते रडण्यापेक्षा राग, कामात बुडणं, घराबाहेर राहणं या रूपात दिसतं, म्हणून ओळखू येत नाही.

भास होणं, दिवसेंदिवस झोपेची गरजच न वाटणं, विचित्र संशय: ही तातडीची वेळ आहे. त्याच दिवशी दवाखाना, आणि तोवर आई आणि बाळ दोघांनाही एकटं सोडायचं नाही.

बाळ पाहताक्षणी माया उचंबळून आली नाही, तर घाबरू नका. कित्येकांची माया हळूहळू, शंभराव्या लंगोटाच्या आसपास येते. त्याबद्दल एकमेकांना सांगता येईल एवढी जागा मात्र ठेवा. रोज एकदा बाळ सोडून दोनच प्रश्न विचारा: "किती झोपलीस?" आणि "आज काय सगळ्यात जड गेलं?" उत्तर ऐकून लगेच उपाय सांगू नका.

सहाव्या आठवड्यात पहिल्या टप्प्यातला कागद पुन्हा काढा. निम्म्या नोंदी बदललेल्या असतील. जे काम कोणाच्याच नावावर नव्हतं आणि तरी रोज होत होतं, ते शोधा, करणाऱ्याचं नाव त्यापुढे लिहा, आणि पुढच्या सहा आठवड्यांसाठी ते दुसऱ्याला द्या.